जामखेडचं काम आणि सायटेशनचा हिशेब

संशोधकाचं वजन आज तीन-चार आकड्यांवर ठरतं. निबंध किती छापले, इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, एच-इंडेक्स किती, आणि ज्या नियतकालिकांत छापलं त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर किती. हे आकडे घेऊन अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाला, बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला गेलं की पंचाईत होते. सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या देशोदेशींच्या संस्थांना या तालुक्याचं नाव ठाऊक आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि ‘जामखेड मॉडेल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पण वैद्यकीय नियतकालिकांच्या सूचीत आरोळे हे आडनाव शोधायला बसलं तर यादी चटकन संपते. पदोन्नतीच्या रांगेतला एखादा सहयोगी प्राध्यापक त्याहून लांब यादी घेऊन येतो.

यावर दोन प्रतिक्रिया तयारच असतात. एक म्हणते, बघा, हे सायटेशन वगैरे सगळं थोतांड आहे, खरं काम त्यात येतच नाही. दुसरी म्हणते, पुरस्कार मिळाले म्हणजे शास्त्रीय पुरावा मिळाला असं नव्हे. मला दोन्ही अर्धवट वाटतात. जामखेडने कमी लिहिलं याची किंमत पडली आहे, आणि ती किंमत एच-इंडेक्सच्या भाषेत सांगता येत नाही.

आधी काम पाहू. आरोळे दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि जामखेडला आले. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. औषधाआधी पाणी आणि अन्न, हा क्रम दुष्काळानेच ठरवून दिला. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून शिकवायचं, त्यांनी दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकलेलं गावात वापरायचं आणि पुढच्या खेपेला अडचणी घेऊन यायच्या, अशी पद्धत बसली. जोडीला पुरुषांची शेतकरी मंडळं आणि बायकांची महिला विकास मंडळं. बोअर घेताना हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसेल असं पाहिलं गेलं. पाणी हवं तर सगळ्या गावाने त्या वस्तीत यावं, आणि गाव आलं. ही गोष्ट शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ या भागात कशी लिहायची? हातपंपाची जागा हा प्रयोगातला कोणता घटक? लिहिता येईल, पण सत्तरच्या दशकातल्या वैद्यकीय नियतकालिकाच्या चौकटीत ते बसवणं सोपं नव्हतं.

मग त्यांनी लिहिलं कुठे? जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनचं ‘काँटॅक्ट’ नावाचं छोटं प्रकाशन होतं, त्यात सत्तरच्या दशकाच्या आरंभी जामखेडची हकीकत आली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेलं ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं. चीन, क्यूबा, टांझानिया यांच्या सोबतीने त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे, आरोळे दाम्पत्याने लिहिलेलं. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. त्यामागच्या विचाराला ज्या मोजक्या प्रयोगांनी आकार दिला त्यांत जामखेड होतं. हेन्री पेरी आणि जॉन रोड यांनी २०१९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये हे नातं तपशीलाने मांडलं आहे. प्रकल्पाचं समग्र पुस्तक मात्र १९९४ चं, म्हणजे सुरुवातीनंतर चोवीस वर्षांनी आलेलं. एक लेख, एक प्रकरण, एक पुस्तक. जगाचं आरोग्यधोरण हलवणाऱ्या कामाचा मुख्य छापील ऐवज एवढाच.

सायटेशन मोजणारी यंत्रणा नेमक्या याच प्रकारच्या लेखनाला आंधळी आहे. ती जन्मलीच वेगळ्या कामासाठी. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये कल्पना मांडली की कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला याची सूची असेल तर संशोधकाला आपल्या विषयाचा माग काढता येईल. नमुना होता अमेरिकेतल्या वकिलांचा. जुना निकाल पुढच्या कोणत्या निकालांत वापरला गेला याच्या सूच्या ते एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. १९६४ मध्ये गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आली. माग काढण्याचं साधन होतं, मोजमापाचं नव्हे. ग्रंथपालांनी कोणती नियतकालिकं घ्यावीत यासाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरात आला, आणि मग नेमणुका करणाऱ्यांना तो सापडला. ही सूची नियतकालिकांची होती. पुस्तकं, अहवाल, संस्थांची पत्रकं तिच्यात फार उशिरा आणि तुटपुंजी आली. २००४ मध्ये गूगल स्कॉलर आल्यावर पुस्तकं काहीशी दिसू लागली.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, तर मागच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली. सरासरी आली की तिचे सगळे रोग आले. ‘द लॅन्सेट’चा २०२० चा आकडा साधारण ७९ होता, २०२१ चा २०२ च्या पुढे गेला. एका वर्षात संपादक अडीचपट हुशार झाले नव्हते. कोविडच्या मोजक्या निबंधांचा तो परिणाम होता. त्याच अंकांतल्या इतर निबंधांनाही मात्र तो भाव आपोआप लागला. एच-इंडेक्सची कथा वेगळी. होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ मध्ये सुचवलेला हा आकडा सांगतो की तुमच्या किती निबंधांना किमान तितकी सायटेशन्स आहेत. वीस निबंधांना प्रत्येकी वीस किंवा जास्त असतील तर एच-इंडेक्स वीस. म्हणजे ज्याने आयुष्यात दोनच गोष्टी लिहिल्या त्याचा एच-इंडेक्स दोनच्या वर जाऊ शकत नाही, त्या दोन्हींचा आधार हजारोंनी घेतला तरी. फार लिहिणाऱ्याला बक्षीस आणि थोडं पण नेमकं लिहिणाऱ्याला दंड, हे या सूत्राच्या पोटातच आहे.

आणि नावांचा गोंधळ. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदरी रचना. एकच माणूस कधी आर. आरोळे, कधी आर. एस., कधी राज. इंग्रजीत रजनीकांतचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी. उलट ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. जाधव’ या एका नावाखाली डझनभर माणसांचं काम एकत्र गोळा होतं, आणि त्यातल्या एखाद्याचा आकडा विनाकारण फुगतो. २०१२ पासून ऑर्किड क्रमांक आला, त्यामुळे नव्या पिढीची सोय झाली. जुन्यांचं जे विखुरलं ते विखुरलं. दामोदर धर्मानंद कोसंबींनी तर गणितातले काही निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. संगणक बिचारा काय करणार!

कोसंबींचं उदाहरण आणखी एका कारणाने घ्यावं लागतं. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये चार पानांचा निबंध लिहिला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं याचं सूत्र त्यात होतं. गहू, भात, ज्वारीच्या जनुकीय नकाशांचं काम करणारे आजही संगणकात ‘कोसंबी’ हा पर्याय निवडतात, आणि कितीदा तरी मूळ निबंधाची तळटीप देत नाहीत. कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा बाप सांगायची गरज उरत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराची नोंद करून ठेवली आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचंही तेच. ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितली, पण तिचा बोलबाला झाला तो १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिल्यावर. आज जगभरची शाळकरी मुलं ती आकडेमोड करतात. शाळकरी मुलं तळटिपा देत नाहीत.

जामखेडच्या रानातलंच उदाहरण द्यायचं तर मालदांडी. रब्बी ज्वारीचा एम ३५-१ हा वाण विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. ऐंशीहून अधिक वर्षं झाली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने नंतर कितीतरी ‘फुले’ वाण दिले, तरी भाकरीच्या चवीला आणि कडब्याला लोक मालदांडीचंच नाव घेतात. हा वाण निवडणाऱ्याची कारकीर्द सायटेशनने मोजली तर काय हाती लागेल?

इथवर वाचून वाटेल की मी पहिल्या पक्षाचा वकील आहे. तसं नाही. आता गडचिरोलीला जाऊ.

अभय आणि राणी बंग हेही डॉक्टर दाम्पत्य, तेही जॉन्स हॉपकिन्सला गेलेलं, गुरू तेच कार्ल टेलर. १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. पण त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं की मोजायचं आणि छापायचं. १९८९ मध्ये राणी बंग यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी, त्यांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग, आणि याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजणाऱ्या आरोग्यखात्यांना त्या एका आकड्याने जागं केलं. १९९० मध्ये न्यूमोनियावरचा निबंध. आणि १९९९ मध्ये नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत, तुलनेला ४७ गावं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची घट. हा निबंध पुढे आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात किती ठिकाणी पडताळून पाहिला गेला! २०११ पासून भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत नवजात बाळाच्या घरभेटी देशभर सुरू केल्या, त्यामागे हा कागद आहे. इथे सायटेशनची रांग म्हणजे खरोखरच परिणामाची रांग आहे. तुलनेची गावं नसती, तर सचिवालयातल्या माणसाला ‘आमच्याकडे मुलं कमी मरतात’ या वाक्याचं काय करावं हे कळलं नसतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तर संस्थाही नव्हते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला एक वैद्यकीय अधिकारी, समोर लाल विंचवाने दंश केलेली कोकणातली मुलं. हृदय निकामी होऊन ती दगावतात हे त्यांनी बारकाईने नोंदवलं आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ला कळवलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध चालतं हे १९८६ मध्ये लिहिलं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रीतसर चाचणीही छापली. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतला जो मृत्युदर एकेकाळी शेकडा तीस-चाळीसच्या घरात होता तो अत्यल्पावर आला. ‘खेड्यात राहून शोधनिबंध लिहिता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांसमोर मी हे एकच नाव ठेवतो. त्यांचे सुरुवातीचे मजकूर छोटे, पत्रासारखे आहेत, पण प्रत्येकात एक निरीक्षण आहे जे आधी कुणी लिहिलेलं नव्हतं.

आता जामखेडकडे परत येऊ. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती, १९९३ मध्ये हा आकडा १९ वर आला. हे दोन आकडे पुस्तकांत, भाषणांत, पुरस्कारांच्या मानपत्रांत सतत येतात. पण या काळात सगळा देशच बदलत होता. नमुना नोंदणीप्रमाणे भारताचा अर्भकमृत्यू दर १९७१ मध्ये १२९ होता, १९९३ मध्ये ७४. लसी आल्या, रस्ते आले, दुष्काळी कामांतून विहिरी झाल्या, मुली शाळेत जाऊ लागल्या. मग जामखेडच्या घसरणीतला प्रकल्पाचा वाटा किती आणि काळाचा किती? तुलनेची गावं सुरुवातीपासून धरलेली नसल्याने या प्रश्नाला चाळीस वर्षं नीट उत्तर नव्हतं.

उत्तराचा प्रयत्न झाला तो २०१० मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये व्हेरा मान, अ‍ॅलेक्स एबल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी प्रकल्पाची गावं आणि त्याच भागातली प्रकल्पाबाहेरची गावं घेतली, बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा इतिहास विचारला आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू मागे जाऊन मोजले. प्रकल्पाच्या गावांत मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. अंदाजाची कक्षा रुंद होती, म्हणजे खरा फायदा याहून बराच कमी किंवा बराच जास्तही असू शकतो.

१७६ वरून १९ म्हणजे जवळजवळ नव्वद टक्क्यांची घट. आणि शेजारच्या गावांशी तुलना केली की ३० टक्के. कुणी म्हणेल, बघा, फुगा फुटला. माझं वाचन वेगळं आहे. जामखेडचा दवाखाना शेजारच्या गावांनाही उघडा होता. तिथल्या बाया-पुरुष इथे येऊन बरे होत, शिकून जात. बाजाराच्या दिवशी ज्ञान शिवेवर थांबत नाही. म्हणजे तुलनेची गावंही कोरी नव्हती. दुसरं, हा अभ्यास प्रकल्पाच्या उत्तरकाळाकडे बघतो, जेव्हा सरकारी सेवा बऱ्यापैकी पोचल्या होत्या. तरीही तीस टक्के उरतात, हे थोडं नाही. पण हे सगळं मी म्हणतोय ते तर्काने. १९७० मध्ये वीस गावं बाजूला ठेवून त्यांचीही जनगणना केली असती, तर तर्क करावा लागला नसता. अर्थात १९७२ च्या दुष्काळात वीस गावांना ‘तुम्ही तुलनेसाठी’ म्हणून फक्त मोजत बसणं हे आरोळ्यांना जमलं असतं का, हा प्रश्न मी त्यांच्या जागी उभा राहून विचारला की माझी टीका थोडी मऊ होते. मऊ होते, संपत नाही. टेलर यांच्याच देखरेखीखाली पंजाबात नारंगवालला त्या काळात तुलनेचे अभ्यास चालू होते. वाट ठाऊक होती.

महत्त्वाची गोष्ट ही की या २०१० च्या निबंधाची किंमत त्याच्या सायटेशनच्या आकड्यात नाही. त्याला शंभर मिळोत की पाचशे, त्याने एका जुन्या दाव्याला प्रथमच बाहेरून हात लावला आणि दावा लहान झाला पण टिकला. हे कळायला निबंध वाचावा लागतो. मोजणाऱ्याला तो इतर कुठल्याही निबंधासारखा एक.

आपल्या विद्यापीठांत नेमकं वाचणंच संपलं. २०१० च्या नियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय गुण आणले आणि प्रत्येक निबंधाला भाव ठरला. मग ‘पेपर टाकणं’ हा धंदा झाला. आयएसएसएन क्रमांक असला की झालं, पैसे भरले की आठवड्यात छापून मिळतं. चर्चासत्राच्या निबंधसंग्रहाची शेवटची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि मार्चअखेर जवळ आला की तिची मुदत दोनदा वाढते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की आयोगाच्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली त्यांतली ८८ टक्के निकषांत बसत नाहीत. त्याच वर्षी २ मे रोजी आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग ‘केअर’ यादी आली. तीही २०२५ मध्ये बंद करून जबाबदारी विद्यापीठांवरच टाकली गेली. यादी बनवणारे आणि यादीत घुसणारे यांच्या शर्यतीत दुसरेच नेहमी पुढे असतात.

दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास आणखी एक बातमी जिल्हा पानावर येते: अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. ही स्टॅनफर्डच्या जॉन इओअ‍ॅनिडिस यांची यादी. तिच्यात स्वतःच स्वतःचा आधार घेतलेली सायटेशन्स धरून आणि वगळून असे दोन वेगळे रकाने असतात, ही तिची चांगली बाजू. बातमीत तो दुसरा रकाना कधी वाचल्याचं आठवत नाही. सत्काराला मात्र आमदार येतात.

मोजमापाच्या या सगळ्या चर्चेत ‘लेखक कोण’ हा प्रश्न मागेच राहतो. जामखेडच्या एका गावातली कार्यकर्ती मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून ती म्हणाली की डॉक्टर असे असतात, सुंदर, महाग, हात न पोचणारे. मग पिशवीतून दोन साधे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याने दुसरा पेटवला. हे भाषण आजवर कितीतरी लेखांत, व्याख्यानांत आलं आहे. त्या लेखांच्या सायटेशनचे धनी ते ते लेखक. मुक्ताबाईंचं नाव मजकुरात आहे, लेखकांच्या ओळीत नाही. बाळंतपणं कुणी केली, वजनं कुणी घेतली, कोणत्या घरात मूल का गेलं हे कुणाला ठाऊक होतं, हे पाहिलं तर जामखेडवरच्या प्रत्येक निबंधाची पहिली सामग्री या बायकांची आहे. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनाही हे लागू आहे, आणि तिथे तर ‘लॅन्सेट’ आहे.

बाहेरच्या जगात थोडं शहाणपण येतंय. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी नेमणुकांत इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका असं आवाहन केलं, २०१५ मध्ये लायडनचा जाहीरनामा आला. मला सर्वांत कामाचा वाटतो तो जर्मन संशोधन प्रतिष्ठानचा २०१० चा साधा नियम: अनुदानाच्या अर्जात फार तर पाच प्रकाशनं द्या. पाच असली की समितीला ती वाचावी लागतात, वाचली नाहीत तर कारण देता येत नाही.

हा नियम आपल्याकडे लावला तर गडचिरोलीच्या बंगांना कोणते पाच निवडायचे याची अडचण पडेल. बावस्करांची निवड एका बैठकीत होईल. आरोळे यांनी ‘काँटॅक्ट’मधला लेख, न्यूएल यांच्या पुस्तकातलं प्रकरण आणि १९९४ चं पुस्तक दिलं असतं. चौथ्या जागेवर बहुधा २०१० चा निबंध त्यांना द्यायचा असता, पण तो त्यांनी लिहिलेला नाही.